कित्तूरचा दरवाजा आणि यॉर्कशायरचा कोपरा

काही वर्षांपूर्वी आमच्या हायस्कूलची नववीच्या वर्गाची सहल कित्तूरला गेली होती. बेळगावहून धारवाडच्या रस्त्याला लागले की तासाभरात कित्तूर येते. पडका किल्ला, उघड्यावर पडलेले वाड्याचे चौथरे आणि शेजारचे वस्तुसंग्रहालय पाहून मुले एका जागी बसली. माहिती सांगणारे गृहस्थ कन्नडमधून बोलत होते. आमच्या मुलांना ते मराठीत समजावून द्यावे लागत नाही. राणी चन्नम्माची गोष्ट रंगात आली आणि गृहस्थांनी हात उंचावून सांगितले, की याच ठिकाणी थॅकरे साहेब गोळी लागून पडला. त्यासरशी सगळ्या वर्गाच्या माना मागे वळल्या. मागच्या रांगेत आमचा एक विद्यार्थी बसला होता आणि त्याचे आडनाव ठाकरे होते!

मुले हसली. पोरगा लाजून चूर झाला. परतीच्या वाटेवर तो माझ्या आसनाशेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "सर, तो साहेब आमच्यापैकी होता का हो?"

मी म्हटले, "नाही रे, तो इंग्रज."

"मग त्याला आमचं नाव कुणी दिलं?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते. "उद्या सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. शिक्षकाचा 'उद्या' कधीकधी फार लांबतो. पुढे सवडीने मी या इंग्रजी आडनावाचा माग काढीत गेलो. तो यॉर्कशायरच्या एका बुडालेल्या वस्तीपासून निघून थेट आपल्या जिल्ह्यात येऊन पोहोचला. त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर आज वाचकांसमोर ठेवतो.

इंग्रजांची आडनावे

इंग्रज माणसाला आडनाव जन्मतःच असते, अशी आपली समजूत. पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात आडनाव नावाची वस्तूच नव्हती. जॉन म्हणजे जॉन. १०६६ साली नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकले. त्यांच्यात जहागिरीच्या गावाचे नाव स्वतःच्या नावापुढे लावण्याची रीत होती. तिचे अनुकरण हळूहळू खालच्या थरांत उतरले आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास बापाचे आडनाव मुलाला मिळण्याची प्रथा बरीच रुळली.

या आडनावांचे ढोबळमानाने चार प्रकार सांगतात. बापाच्या नावावरून आलेली, जसे जॉन्सन. धंद्यावरून आलेली, जसे लोहाराचे स्मिथ. रंगरूप किंवा स्वभावावरून चिकटलेली, जसे ब्राउन. आणि गावावरून किंवा राहत्या जागेवरून पडलेली. आपल्याकडे याहून वेगळे काय आहे? कुलकर्णी, सुतार ही कामावरची. काळे, गोरे ही रंगावरची. आणि गावाच्या नावाला 'कर' लावून झालेली तर आपल्याकडे घरोघरी. इंग्रजांनी 'कर'चे काम फ्रेंच भाषेतल्या 'द' या शब्दाकडून करून घेतले. 'विल्यम द अमुक' म्हणजे अमुक गावचा विल्यम. पुढे तो 'द' गळून पडला आणि नुसते गाव उरले. आपल्या सीमाभागातल्या कितीतरी कन्नड घराण्यांत अशीच पद्धत आहे. माणसाचे आडनाव गोकाक असते, गोकाककर नसते. हा 'कर' असण्या-नसण्याचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. शेवटी त्याचे काम पडणार आहे.

इंग्रजांची आडनावे पक्की होण्याला एक मोठा हातभार लावला तो करवसुलीने. फ्रान्सशी चाललेल्या लांबलचक युद्धासाठी इंग्लंडच्या राजाने १३७७, १३७९ आणि १३८१ अशी तीन वेळा डोईपट्टी बसवली. डोईपट्टी म्हणजे डोकी मोजणे आले, आणि डोकी मोजायची तर नावे लिहिणे आले. एका गावात पाच विल्यम निघाले तर कारकुनाने ओळखावे कसे? म्हणून प्रत्येकाची काहीतरी खूण नावापुढे लिहिली गेली. ज्याने कागदावर कधी अक्षर पाहिले नव्हते अशा शेतकऱ्याचे आडनाव त्या वहीत कायमचे उमटले. ते लिहिणाऱ्याने कानाला जसे लागले तसे लिहिले. शाळेचे दाखलपुस्तक सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रकार मुळीच परका वाटला नाही.

लव्हाळ्याचा कोपरा

१३७९ सालच्या यॉर्कशायरच्या डोईपट्टीच्या याद्यांत 'द थॅक्वरा' असे एक नाव सापडते. हेच पुढचे थॅकरे. खुद्द इंग्रज त्याचा उच्चार 'थॅकरी' असा करतात. आपल्या तोंडी मात्र 'थॅकरे' बसले आहे, तेच येथे वापरतो.

लीड्स शहराच्या उत्तरेला वॉशबर्न नावाची लहानशी नदी आहे. तिच्या खोऱ्यात, फ्यूस्टन आणि ग्रेट टिंबल या गावांच्या हद्दीत, थॅकरे नावाची एक वस्ती होती. नाव इंग्रजी वाटले तरी त्याची फोड इंग्रजीतून होत नाही. उत्तरेकडून आलेल्या दर्यावर्दी व्हायकिंगांनी ८६६ साली यॉर्क घेतले आणि पुढे ९५४ पर्यंत त्या मुलखावर बहुतेक काळ त्यांची सत्ता राहिली. सत्ता गेली तरी त्यांची भाषा गावांच्या, ओढ्यांच्या, शेतांच्या नावांत राहून गेली. त्यांच्या भाषेत 'थाक' म्हणजे घर शाकारण्याचे गवत, लव्हाळे. आणि 'व्रा' म्हणजे कोपरा, आडोशाची जागा. थॅकरे म्हणजे छपरासाठी लव्हाळे जिथे मिळते तो कोपरा.

इतिहासात वावरणारी मोठमोठी नावे अशी साध्या मातीतून उगवलेली असतात. आपल्या बेळगावचेच पाहा ना. जुन्या शिलालेखांत त्याचे नाव वेणुग्राम असे येते. वेणू म्हणजे वेळू, बांबू. बेळगावकर म्हणजे बांबूच्या गावचा आणि थॅकरे म्हणजे लव्हाळ्याच्या कोपऱ्यावरचा. दोघांचीही नावे पाणथळ जागी उगवलेल्या गवताच्याच जातीची!

'थाक' या शब्दाची आणखी एक गंमत आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृतातल्या 'स्थग्' या धातूशी जोडतात. स्थग् म्हणजे झाकणे. सभा 'स्थगित' झाली असे आपण म्हणतो त्यातला 'स्थगित' मूळचा 'झाकलेला' होय. इंग्रजीत याच मुळाचा 'थॅच' झाला, आणि छप्पर शाकारणाऱ्याचे आडनाव थॅचर. कौले घालणारा तो टायलर. १३८१ च्या डोईपट्टीविरुद्ध इंग्लंडातले शेतकरी उठले तेव्हा त्यांचा पुढारी होता वॉट टायलर. सहाशे वर्षांनी मार्गारेट थॅचर यांनी नव्याने आणलेल्या कराला लोकांनी जुनेच नाव दिले, डोईपट्टी. आणि १९९० साली त्यांना पायउतार व्हावे लागले त्याच्या कारणांत तोही असंतोष होता. एक डोईपट्टी कौलवाल्याने पेटवली, दुसरी शाकारणारीला भोवली.

आता ती थॅकरे वस्ती कोठे आहे? कोठेच नाही. लीड्समध्ये गिरण्या वाढल्या, माणसे वाढली आणि पाणी पुरेना. म्हणून १८७० नंतरच्या दशकात लीड्सच्या नगरपालिकेने वॉशबर्नच्या खोऱ्यात एकामागून एक तलाव बांधले. त्यांतला फ्यूस्टनचा तलाव १८७९ साली पुरा झाला, आणि थॅकरे नावाची जागा त्याच्या पाण्याखाली गेली. धरणात बुडालेली गावे आपल्याही ओळखीची आहेत. गाव उठले तरी गावाचे नाव माणसांबरोबर नव्या वस्तीत जाते. इंग्लंडात तर ते पाचशे वर्षे आधीच माणसांच्या अंगावर चढून निघून गेले होते.

घरातले आणि परमुलखातले

हे नाव फुटले ते आधी आजूबाजूलाच. थॅक्रे, थॅक्रा, थॅकरा, थॅकरी, थॅकवरे अशी त्याची अनेक रूपे लीड्स आणि त्याच्या परिसरात रुळली. भाऊ भाऊ वेगळे निघाले की जमिनीची वाटणी होते; येथे स्पेलिंगाचीही झाली. जो तो आपल्या पाद्र्याने नोंदवहीत जे लिहिले ते घेऊन चालू लागला.

चार्ल्स टर्नर थॅक्रा हा लीड्सचा डॉक्टर. कोणत्या धंद्याने माणसाला कोणता रोग जडतो, याचा त्याने गिरण्या-कारखान्यांत जाऊन अभ्यास केला आणि १८३१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. कामगारांच्या आरोग्याचा विचार करणाऱ्यांत तो अग्रणी मानला जातो; वयाच्या चाळिशीआधीच, १८३३ मध्ये तो वारला. त्याच शहरात १९०२ साली चार्ल्स थॅक्रे याने भागीदारीत औषधांचे दुकान घेतले. त्याचा वाढत वाढत शस्त्रक्रियेची हत्यारे आणि कृत्रिम खुबे बनवणारा कारखाना झाला. लीड्सच्या वैद्यकीय संग्रहालयाला आज थॅक्रे हेच नाव आहे. अटलांटिक ओलांडून गेलेली एक शाखा फिलाडेल्फियात थॅकरा झाली, आणि वॉशिंग्टन शहराचा १७९२ चा नकाशा ज्या दोन नक्षीकारांनी तांब्यावर कोरला त्यांतला एक जेम्स थॅकरा होता.

पण आपल्याशी संबंध येतो तो हॅम्प्सथ्वेट गावच्या शाखेचा. हे गावही फ्यूस्टनपासून फार लांब नाही. तेथे १६९३ साली जन्मलेला थॉमस थॅकरे शिकून धर्मोपदेशक झाला आणि १७४६ मध्ये हॅरो येथील प्रसिद्ध शाळेचा मुख्याध्यापक झाला. पुढे दीडशे वर्षांनी ज्या शाळेत जवाहरलाल नेहरू शिकले, तीच ही शाळा. थॉमस थॅकरेला सोळा मुले झाली. माझ्या या समव्यवसायी गृहस्थाने सोळा मुलांचा प्रपंच मास्तरकीवर कसा रेटला असेल, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही. १७६० मध्ये तो वारला तेव्हा सर्वांत धाकटा विल्यम मेकपीस अकरा वर्षांचा होता.

पोरक्या, हुशार, पण बिनपैशाच्या इंग्रज मुलाला त्या काळी एक वाट मोकळी होती, ती म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची. विल्यम १७६६ साली सतराव्या वर्षी कलकत्त्याला उतरला. सिल्हेटचा कलेक्टर झाला, तिथल्या जंगलांतले हत्ती पकडवून कंपनीला पुरवण्याचा धंदाही केला आणि दहा वर्षांत पुरेसे धन गाठीला बांधून मायदेशी परतला. त्याची बहीण जेन हिचे लग्न बंगालची मोजणी करून नकाशे काढणाऱ्या मेजर जेम्स रेनेलशी झाले.

विल्यम सुखरूप परतला, पण त्याच्या मुलांच्या नशिबी ते नव्हते. एक मुलगा धर्मोपदेशक होऊन इंग्लंडात राहिला; बाकीच्यांनी बापाची वाट धरली. थोरला विल्यम मद्रासकडे सर थॉमस मुन्रोच्या हाताखाली तयार झाला आणि रयतेशी थेट जमीनधारा ठरवण्याच्या पद्धतीचा, म्हणजे रयतवारीचा, त्याने हिरिरीने पुरस्कार केला. तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात आली. रिचमंड बंगालमध्ये मुलकी अधिकारी झाला आणि १८१५ मध्ये कलकत्त्यात वारला. थॉमस १८१४ साली नेपाळच्या युद्धात पडला. आणि सेंट जॉन धारवाडचा कलेक्टर झाला.

कित्तूरचा दरवाजा

सेंट जॉन थॅकरे कित्तूरला का गेला, हे समजायला थोडे मागे जावे लागते. कित्तूरचे देसाई हे या मुलखातले मातब्बर संस्थानिक. पेशवाईच्या अखेरीस त्यांच्यामागे पुण्याचा ससेमिरा होता. मल्लसर्ज देसायांना पेशव्यांनी पुण्यात अडकवून ठेवले आणि सुटून परत येताना १८१६ मध्ये त्यांचा अंत झाला. आपण मराठी माणसांनी ही बाजूही विसरू नये. दोन वर्षांनी मुन्रोने बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा कित्तूरकरांनी इंग्रजांना मदत केली, यात नवल कसले? त्या मदतीबद्दल इंग्रजांनी त्यांची सनद कायम केली.

मल्लसर्जांचे पुत्र शिवलिंगरुद्र सर्ज सप्टेंबर १८२४ मध्ये निपुत्रिक वारले. मरण्यापूर्वी त्यांनी शिवलिंगप्पा या मुलाला दत्तक घेतल्याचे पत्र कलेक्टरकडे गेले. सेंट जॉन थॅकरेला त्या पत्राचा संशय आला. सही देसायांची नव्हे, दत्तविधान खरे नव्हे, असे त्याचे मत पडले. त्याने खजिन्याला मोहोर लावली, पहारे बसवले, आणि वरून निर्णय येण्याआधीच संस्थान आपल्या ताब्यात असल्यासारखा कारभार सुरू केला. मल्लसर्जांची राणी चन्नम्मा हिने दत्तकाचा हक्क सोडायला साफ नकार दिला.

२३ ऑक्टोबर १८२४. किल्ल्याचे दरवाजे आतून बंद झाले. ते उघडा, नाहीतर उडवून देतो, असा थॅकरेने दम भरला आणि तोफा पुढे आणवल्या. तेवढ्यात दरवाजे उघडले, पण शरण येण्यासाठी नव्हे. आतून कित्तूरची फौज लोंढ्यासारखी बाहेर पडली. थॅकरे आणि काही लष्करी अधिकारी मारले गेले. थॅकरेला टिपणारा अमटूरचा बाळप्पा, अशी या भागातली आठवण आहे. थॅकरेचे दोन मदतनीस, स्टीव्हन्सन आणि एलियट, कैद झाले. राणीने त्यांना मारले नाही. पुढे सोडून दिले. त्यांतला वॉल्टर एलियट नंतर मोठा विद्वान निघाला आणि त्याने याच कर्नाटकातल्या शेकडो जुन्या शिलालेखांच्या नकला जमवल्या.

डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन आले. त्या लढाईत मुन्रोचा एक पुतण्याही पडला. कित्तूर गेले. राणी बैलहोंगलच्या कैदेत १८२९ साली वारली. तिच्या बाजूने पुन्हा उठलेल्या संगोळी रायण्णाला १८३१ मध्ये आपल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिले गेले. नंदगडच्या मराठी आणि कन्नड, दोन्ही घरांत रायण्णा आपलाच मानला जातो, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

ही कथा सगळ्यांना पाठ आहे. तरी एक गोष्ट नीट ध्यानात येत नाही. कित्तूरचा तंटा जसा जमिनीचा आणि खजिन्याचा होता, तसाच तो नावाचाही होता. दत्तक म्हणजे काय? या घरचे नाव पुढे कोण चालवणार, याचे उत्तर. आमच्या घरात आमचा वारस कोण, हे आम्ही ठरवणार, असे राणी म्हणत होती. कागद पाहून ते मी ठरवणार, असे थॅकरे म्हणत होता. वडिलांचे नाव आणि वडिलांची वाट ज्याला आपोआप मिळाली होती, असा तिशी नुकतीच ओलांडलेला माणूस दुसऱ्याच्या नावाचा निकाल एका सहीवरून लावायला निघाला होता. त्यात त्याचा जीव गेला आणि एक संस्थानही बुडाले.

पुतण्या

हे घडले तेव्हा लंडनच्या चार्टरहाउस शाळेत तेरा वर्षांचा एक मुलगा शिकत होता. तो कलकत्त्यात वारलेल्या रिचमंडचा मुलगा, म्हणजे कित्तूरला पडलेल्या सेंट जॉनचा सख्खा पुतण्या. त्याचा जन्म कलकत्त्याचा, १८ जुलै १८११ चा. नाव आजोबांचेच, विल्यम मेकपीस थॅकरे. बाप गेल्यावर आईला हिंदुस्थानात ठेवून त्याला पाचव्या वर्षी बोटीने विलायतेला धाडले. वाटेत सेंट हेलेना बेटावर त्याला कैदेतला नेपोलियन लांबून दाखवला गेला होता.

हाच पुढे 'व्हॅनिटी फेअर'चा कर्ता झाला. १८४७-४८ मध्ये ती कादंबरी हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली आणि थॅकरे हे नाव डिकन्सच्या बरोबरीने घेतले जाऊ लागले. घराण्यातले इतके पुरुष हिंदुस्थानने गिळले. पण या पुतण्याच्या लेखनात कंपनीच्या साहेबांची भलावण नाही, उलट थट्टा आहे. 'व्हॅनिटी फेअर'मधला खादाड, भित्रा आणि फुशारक्या मारणारा जोस सेडली हा कंपनीचा कलेक्टरच आहे. त्याआधी होळकरांशी झालेल्या लढायांच्या पार्श्वभूमीवर त्याने मेजर गॅहॅगन या बढाईखोराची कथा रचली; तीत मराठ्यांना एकट्याने लोळवल्याच्या थापांची रेलचेल आहे.

काका-आजोबांनी कमावलेले नाव राज्याबरोबर संपले. टिकले ते लेखणीने मिळवलेले. आणि त्या लेखणीमुळेच हे नाव आपल्या महाराष्ट्रात एका वेगळ्याच वाटेने आले. केशव सीताराम ठाकरे, म्हणजे आपले प्रबोधनकार (१८८५–१९७३), हे या कादंबरीकाराचे चाहते होते आणि म्हणून त्यांनी आपले आडनाव इंग्रजीत त्याच्याप्रमाणे लिहायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. मराठी नाव आपल्या जागी होते तसेच राहिले. फक्त इंग्रजीत लिहिताना त्याने यॉर्कशायरचा अंगरखा घातला. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हेच. त्या साहेबाला आपले नाव कोणी दिले नव्हते. दोन निराळ्या झाडांची पाने सारखी दिसावीत, तसा हा प्रकार. एक नाव वॉशबर्नच्या लव्हाळ्यातले, दुसरे आपल्या मातीतले. रक्ताचे नाते नाही, मुळाचेही नाही.

एका आडनावाची सगळी माणसे एका रक्ताची असतात, हे इंग्लंडातही सरसकट खरे नाही. ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी २००० साली यॉर्कशायरकडच्याच साइक्स या स्वतःच्या आडनावाच्या पुरुषांची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध केली. जवळजवळ निम्म्यांचा मूळपुरुष एक निघाला. बाकीच्यांच्या वंशात कधी ना कधी कोणी दत्तक, कोणी आईच्या नावाने वाढलेला, कोणी काही, असे बाहेरचे रक्त मिसळलेले असणार. नाव मात्र सगळ्यांचे एकच, आणि प्रत्येकाचे ते तितकेच खरे. सेंट जॉन थॅकरेला हे कोणी सांगितले असते तर!

माझी चूक

मात्र सेंट जॉनला नावे ठेवण्यापूर्वी मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली ही हकीकत. जूनचे दिवस, प्रवेशाची गर्दी, आणि दाखलपुस्तक लिहायला मला बसवलेले. एक शेतकरी मुलाला घेऊन आला. आडनाव विचारले तर त्याने नुसते गावाचे नाव सांगितले, त्यांच्याकडे चालते तसे. घरात दोन्ही भाषा, पण मुलाला मराठी शाळेत घालायची इच्छा. मी नवा, उत्साही आणि मराठीचा अभिमानी. मनात म्हटले, हे अर्धवट नाव कसे चालेल? आणि कोणाला न विचारता त्यापुढे 'कर' जोडून मोकळा झालो. बाप निरक्षर, त्याने अंगठा उठवला.

वीसेक वर्षांनी तो मुलगा, आता बाप्या झालेला, मला शोधत आला. वडील वारले होते. जमिनीच्या उताऱ्यावर वडिलांचे आडनाव 'कर'वाचून, आणि याच्या शाळेच्या दाखल्यावर 'कर'सकट. एका कचेरीत त्याला सांगण्यात आले, की तू त्याच बापाचा मुलगा कशावरून? तो खेटे घालत होता, प्रतिज्ञापत्रे करत होता. माझ्यावर तो रागावला नव्हता. "सर, तुम्ही तेव्हा चांगल्यासाठीच लिहिलं असणार," एवढेच म्हणाला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

पुढे त्याचे काम झाले, पण त्या दिवसापासून दाखलपुस्तक उघडताना माझा हात थबकतो. आपल्या या दुभाषी मुलखात एकेका माणसाचे नाव मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत लिहिले जाते. कोठे 'कर' लागतो, कोठे गळतो. कोठे काना जातो, कोठे एक अक्षर दोनदा येते. यॉर्कशायरच्या कारकुनाने थॅक्वराचे काय केले, हे वाचताना मला हसू आले नाही ते याचमुळे. लेखणी हातात असलेल्या माणसाला दुसऱ्याचे नाव सुधारण्याचा मोह होतो. त्याला आपण शुद्धता म्हणतो, अभिमान म्हणतो, नियम म्हणतो. पण नाव त्या घराचे असते. ते जसे सांगतील तसे ऐकायचे आणि ऐकले तसे लिहायचे, एवढाच लिहिणाऱ्याचा अधिकार.

कादंबरीकार थॅकरे १८६३ साली नाताळच्या आदल्या दिवशी वारला. त्याच्या 'द न्यूकम्स' या कादंबरीत हिंदुस्थानात आयुष्य घालवून परतलेला एक सरळमार्गी वृद्ध कर्नल आहे. सगळे गमावून तो आपल्या लहानपणीच्या शाळेच्याच आवारातल्या आश्रमात अखेरचे दिवस काढतो. मरणाच्या क्षणी संध्याकाळची घंटा वाजते, आणि म्हातारा शाळेतल्या मुलासारखा, आपले नाव पुकारले गेले असे समजून, हजेरी देतो. हा प्रसंग मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला माझा वर्ग दिसतो.

सहलीनंतर दोन वर्षांनी आमचा ठाकरे दहावी पास झाला. दाखला न्यायला वडिलांबरोबर आला. मी विचारले, इंग्रजी स्पेलिंग कसे लिहायचे? मुलाने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी खिशातून घडी घातलेला जुना कागद काढला. त्यावर त्यांच्या वडिलांच्या हातचे, थोडे वाकडेतिकडे पण स्पष्ट असे नाव होते. त्यात 'सी'ही नव्हता आणि 'वाय'ही नव्हता. मी ते एकेक अक्षर पाहून उतरवले, पुन्हा मोठ्याने वाचून दाखवले, आणि मगच शाळेचा शिक्का मारला.